भावाचा उपवास: पंचमीच्या आदल्या दिवसाचं बहिणीचं व्रत

सातारा-सांगलीकडच्या खेड्यात श्रावण शुद्ध चतुर्थीला दुपारी कुणाच्या घरी गेलात आणि घरच्या बाईला जेवणाचा आग्रह केलात, तर ती म्हणेल, "आज नको, भावाचा उपास हाय." बहीणभावाचे सण म्हणून राखी आणि भाऊबीज सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यावर भरपूर लिहिलंही जातं. हा उपवास मात्र घराघरात मुकाट्याने पाळला जातो. बहुतेक लोक त्याला नागपंचमीचाच एक भाग समजून पुढे जातात. आमच्या मते उलट आहे. पंचमी हा मुळात बहीणभावाचाच सण आहे आणि तो सुरू होतो या आदल्या दिवसापासून.

राखीला भाऊ समोर लागतो. भाऊबीजेला तो पाटावर बसावा लागतो, ओवाळणी तबकात पडते. भावाच्या उपवासाला यातलं काहीच लागत नाही. भाऊ दूर असो, अबोल्यात असो, बहीण त्याच्या नावाने दिवसभर अन्नावाचून राहते आणि दुसऱ्या दिवशी नागोबाला पुजून उपास सोडते. बदल्यात काही मिळत नाही, मागायचंही नसतं. जिला सख्खा भाऊच नाही, तीही हा उपवास धरते, कारण तिचा भाऊ नाग असतो. राखीला अशा बाईला चुलत-मावस भाऊ शोधावा लागतो, इथे तसं काही नाही. या व्रतातली ही गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते.

कथा दोन सांगतात. पहिली सत्येश्वरीची. तिचा भाऊ सत्येश्वर पंचमीच्या आदल्या दिवशी गेला. त्या दुःखात तिने दिवसभर अन्न घेतलं नाही. तेव्हा तिला नागाच्या रूपात भाऊ दिसला, म्हणून तिने नागालाच भाऊ मानलं. जी बाई मला भाऊ म्हणून पुजेल तिचं मी रक्षण करीन, असं वचन नागाने दिलं. चतुर्थीचा उपास या कथेतून येतो.

दुसरी शेतकऱ्याची. नांगरताना फाळ वारुळात गेला आणि नागिणीची पिल्लं मेली. नागीण चिडली, तिने घरातल्यांना दंश केला आणि शेवटी सासरी असलेल्या लेकीकडे निघाली. लेक त्या वेळी नागाचं चित्र काढून दूध-लाह्या वाहत होती. ते पाहून नागिणीचा राग उतरला आणि तिने माहेरच्या माणसांना उठवलं. पंचमीला नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, चिरत-कापत नाहीत, तळत-भाजत नाहीत, हे सगळे नियम या कथेतून आले. या दुसऱ्या कथेत माहेर वाचवणारी मुलगीच आहे, हे लक्षात घ्या.

आणि हे फक्त लोककथेत नाही. महाभारताच्या आदिपर्वात सर्पसत्राची जी कथा आहे, तिच्या मुळाशी एक भाऊ आणि एक बहीणच आहेत. परीक्षिताला तक्षक चावला म्हणून त्याचा मुलगा जनमेजय याने सर्पांचा होम मांडला, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण सर्प त्या होमात जळणार हे आधीच ठरलेलं होतं. नागांची आई कद्रू हिने आपली सवत विनता हिच्याशी घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून पैज लावली होती. इंद्राच्या पांढऱ्या घोड्याची शेपटी काळी दिसावी म्हणून तुम्ही तिला बिलगा, असं तिने मुलांना सांगितलं. काहींनी नकार दिला, तेव्हा आईनेच शाप दिला. त्या शापातून कूळ वाचवायची वाट वासुकीला कळली ती अशी: जरत्कारू नावाच्या ऋषीला आपली बहीण द्यायची, तिचा मुलगा यज्ञ थांबवील. ऋषीच्या अटी विचित्र होत्या. बायकोचं नाव माझंच हवं, ती मला भिक्षेसारखी मिळावी आणि तिला पोसण्याचा भार माझ्यावर नको. वासुकीच्या बहिणीचं नाव जरत्कारूच होतं. तिला सांभाळण्याचा भार वासुकीने स्वतःवर घेतला. पुढे ऋषी तिला सोडून गेला. जाताना तिने गर्भाबद्दल विचारलं तेव्हा तो 'अस्ति', म्हणजे 'आहे', एवढंच म्हणाला. ती भावाच्या घरी आली. मुलगा आस्तिक मामाकडे वाढला आणि जनमेजयाच्या मांडवात जाऊन त्याने वर मागून होम थांबवला. तक्षक वाचला, उरलेले नाग वाचले.

टाकलेली बहीण माहेरी येते, भाऊ तिला घरात घेतो आणि तिचा मुलगा मामाचं कूळ वाचवतो. पंचमीला लेकी माहेरी येण्याचा रिवाज या कथेतूनच निघाला असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण नागाची पूजा आणि माहेर हे दोन धागे इतक्या जुन्या ग्रंथात एकत्र गुंफलेले सापडतात, तर ते एकमेकांना परके नाहीत. नागपंचमीच्या व्रताचं वर्णन पुढे भविष्य पुराणातही आलेलं आहे.

नांगर न धरण्याला शेतातलं कारणही आहे. नागाची मादी साधारण उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत अंडी घालते. एका वेळी 10 ते 30. जागा कोणती, तर उंदरांची बिळं आणि वारुळं. अंडी फुटायला 48 ते 69 दिवस लागतात. हिशेब केला तर पिल्लं बाहेर पडण्याचा काळ आषाढ-श्रावणावर येतो. पिल्लं 20 ते 30 सेंटिमीटरची असतात, फाळाखाली सहज सापडावीत अशी. कथेतल्या नागिणीची पिल्लं नेमकी याच दिवसांत मेली, ही गोष्ट कुणी घरी बसून रचलेली नाही. रोज रानात राबणाऱ्या माणसाने पाहून सांगितलेली आहे.

तिथी इंग्रजी तारखेला कशी हलते हे पाहून ठेवा, कारण तयारी त्यावर अवलंबून असते. पंचमी 2023 साली 21 ऑगस्टला आली, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. 2024 साली 9 ऑगस्टला, 2025 साली 29 जुलैला. 2026 साली ती 17 ऑगस्टला आहे आणि त्या दिवशी सोमवार आहे. म्हणजे 16 तारखेला रविवारी भावाचा उपवास आणि लगेच श्रावणी सोमवार. दोन्ही धरणाऱ्या बाईला सलग दोन दिवस काढावे लागतात. सोमवार संध्याकाळी सुटतो, त्यामुळे नैवेद्य दुपारी दाखवून ताट झाकून ठेवायचं आणि दिवे लागल्यावर सोडायचं. भावाचा उपवास पूजेनंतर तीर्थ आणि चिमूटभर लाह्या तोंडात टाकून मनाने सोडलेला धरतात. लाह्या सोमवारी चालत नसतील तर नुसतं दूध घ्या.

उपास कडक की फराळाचा, हे घरपरत्वे वेगळं. फराळाचा असेल तर शाबू, वरी, शेंगदाणे, रताळी, दूध, केळी. एक चूक नेहमी होते: सकाळी पोटभर शाबूची खिचडी, दुपारी शाबूवडे, संध्याकाळी पुन्हा खिचडी. दिवसभर नुसता शाबू आणि तेल पोटात गेलं की रात्री पित्त होतं आणि पंचमीच्या सकाळी, कामाच्या ऐन वेळी, डोकं दुखायला लागतं. शाबू एकदाच खा, तोही शेंगदाण्याच्या कुटाबरोबर. दुसऱ्या वेळी वरीचा भात आणि दाण्याची आमटी घ्या, त्याने पोट शांत राहतं. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईने, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने निराहार राहूच नये. गोळी चुकवून धरलेला उपास भावाला लाभतो असं कुठल्याही कथेत नाही.

आता लाह्यांकडे येऊ. पंचमीला लाह्या हव्यातच आणि त्या जोंधळ्याच्या. बाजारात तयार मिळतात. आठवडाभर आधीपासून भट्ट्या लागलेल्या असतात आणि पिशव्या भरून विकायला येतात. पण घरी करायच्या असतील तर पहिली गोष्ट तारखेची. भाजणं-तळणं पंचमीला बंद, चतुर्थीला बाई उपाशी, म्हणून लाह्या तृतीयेला उरकायच्या.

जोंधळा लाह्यांचाच घ्या. दाणा लहान, टणक आणि काचेसारखा चकचकीत हवा. भाकरीचा टपोरा पांढरा शाळू मऊ असतो, तो फुटत नाही, नुसता करपतो. कारण साधं आहे. दाण्याच्या आत पाण्याची वाफ कोंडावी लागते आणि मऊ दाण्यात ती कोंडत नाही, सालीतून निसटते. किडका, फुटका दाणा याच कारणाने निवडून काढायचा. एक किलो जोंधळ्याला मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, आच बंद करा, मग जोंधळा आत घाला. 5 ते 7 मिनिटांत चाळणीत उपसा. आच चालू ठेवून शिजवायचं नाही, दाणा शिजला की काम संपलं. उपसलेला जोंधळा सुती धोतरात किंवा जुन्या लुगड्यात घट्ट बांधा आणि वर पाटा किंवा जड पातेलं ठेवून रात्रभर दडपा. यात पाणी दाण्याच्या पोटापर्यंत सारखं मुरतं. सकाळी कापडावर पसरून अर्धा-पाऊण तास सावलीत हवा द्या. वरून कोरडा आणि हाताला किंचित गार लागला की तयार.

लोखंडी कढई चांगली तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन नाचून उडाला पाहिजे. एका वेळी एकच मूठ, त्याहून जास्त नको. वर कापडाचा बोळा धरून सारखं फिरवत राहा. पहिल्या 10-15 सेकंदांत फुटायला लागतात, अर्ध्या मिनिटात घाणा उतरवायचा. जास्त टाकलं की कढई गार पडते, दाणे सावकाश तापतात, वाफ हळूहळू निघून जाते आणि खाली गणंग उरतात. गणंग म्हणजे न फुटलेले दाणे. दर मुठीत थोडे राहतातच, पण निम्मे राहिले तर एक तर कढई थंड आहे किंवा जोंधळा फार वाळला आहे. दुसरं असेल तर उरलेल्यावर पाण्याचा हबका मारून तासभर पुन्हा बांधून ठेवा. पावसाळी हवेत लाह्या दोन तासांत मऊ पडतात. निवल्याबरोबर डब्यात भरा, गरम असताना झाकण लावू नका. उरलेल्या लाह्या दळून पीठ करतात. ताकात मीठ-जिरं घालून किंवा दुधात गूळ घालून ते खायचं. माहेराहून परत जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत या पिठाची पुडी असतेच.

नागोबा मातीचा. काही घरांत पाटावर हळद-चंदनाने काढतात, काही घरांत भिंतीवर गेरू-चुन्याने, काही कागदाची छापील चित्रं लावतात. आम्हाला मातीचा जास्त पटतो, कारण तो घरातल्या पोरांना करायला देता येतो. पण माती वारुळाची आणू नका. वारूळ फोडणं म्हणजे जे व्रत करतोय तेच मोडणं, शिवाय आत खरंच जनावर असू शकतं. बांधावरची किंवा कुंभाराकडची माती घ्या. कृष्णाकाठच्या नुसत्या काळ्या मातीचा नाग वाळताना भेगाळतो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. म्हणून एक भाग काळी आणि दोन भाग तांबडी माती चाळून घ्या, मुठीभर बारीक चाळलेलं वाळकं शेण किंवा कापसाचे धागे मिसळा आणि कणकेहून थोडी घट्ट मळा. अर्धा किलो मातीत पाच-सहा इंच उंचीचा नाग होतो. माती ओल्या फडक्यात दोन-तीन तास झाकून मुरू द्या. मग बोटाएवढी जाड वळी करून वेटोळं घाला आणि वळीचा शेवटचा भाग उभा करा. फण्याच्या आत खराट्याची काडी घाला, नाहीतर रात्रीत मान वाकते. फणा अंगठ्याने दाबून पसरवायचा, चिमटून ओढायचा नाही. ओढलेली माती कडेला पातळ होते आणि तिथेच तडकते. डोळ्यांना जोंधळ्याचे दोन दाणे. सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. चतुर्थीला करायला घेतला तर श्रावणातल्या दमट हवेत तो पूजेपर्यंत ओलाच राहतो आणि दूध शिंपडलं की ओघळतो.

पूजेला लागतं ते थोडकं: हळद-कुंकू, गंध, अक्षता, कापसाची वस्त्रं, दूर्वा, आघाडा, पांढरी फुलं, दूध आणि लाह्या. पाटाखाली रांगोळी. पाटावर नऊ नाग काढायचे असतील तर नावं अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक आणि कालिय. आस्तिकाची कथा माहीत असली की यातला वासुकी आणि तक्षक कोण हे आपोआप कळतं. दूध वाटीत ठेवून नैवेद्य दाखवा आणि नंतर घरातच वाटा. वारुळात दूध ओतू नका, हळद-कुंकू टाकू नका. साप दूध पीत नाही, ते त्याचं अन्नच नाही. त्याचं अन्न म्हणजे उंदीर आणि बेडूक. ओतलेलं दूध नासतं, त्यावर मुंग्या लागतात आणि बिळातल्या जिवाला जागा सोडावी लागते.

पंचमीच्या सैपाकाचा खरा कस इथे लागतो: विळी नाही, सुरी नाही, तवा नाही, कढई नाही. मग करायचं काय? उकडायचं. पुरणाची दिंडं हा पंचमीचा मानाचा पदार्थ. एक वाटी हरभऱ्याची डाळ आदल्या रात्री भिजत घाला, तीन वाट्या पाण्यात हळद आणि चमचाभर तेल घालून बोटाने सहज मोडेल अशी शिजवा. कट पूर्ण निथळू द्या, चाळणीत अर्धा तास तरी. मग पाऊण वाटी गूळ घालून आटवा. गूळ फार गोड नसेल तर वाटीभर. पुरण तयार झालं की उभा केलेला डाव पडत नाही. पोळीच्या पुरणापेक्षा हे थोडं कोरडंच हवं. वेलची, जायफळ आणि चिमूटभर सुंठ घालून वाटा.

कणीक दीड वाटी, मीठ, दोन चमचे तेल. पोळीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास ठेवा. पुरीएवढी लाटी लाटा, मध्ये दीड चमचा पुरण चपटं पसरा आणि चारही बाजूंनी पाकिटासारखी घडी घाला. एवढ्या मापात 14-15 दिंडं होतात. चाळणीवर हळदीची पानं अंथरा, श्रावणात आपल्याकडे हळदीच्या रानात ती हवी तेवढी असतात. पान न कापता हाताने खुडायचं. त्यावर दिंडं घडीची बाजू खाली करून ठेवा. पाणी आधी खळखळून उकळलेलं हवं, मग 12 ते 15 मिनिटं वाफ.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पुरण सैल राहिलं तर वाफेत पातळ होऊन घडीतून बाहेर येतं. घडीच्या कडेला पीठ जास्त राहिलं तर ती कड कच्ची राहते, म्हणून लाटताना कडा मधल्या भागापेक्षा पातळ ठेवा. आणि झाकणाला फडकं बांधलं नाही तर वाफेचं पाणी थेंबाथेंबाने वर पडून दिंडं चिकट होतात. 20 मिनिटांच्या वर ठेवली तर गार झाल्यावर चामड्यासारखी चिवट लागतात. गरम असतानाच वर तूप घालून खायची.

बाकी ताटात वरणभात, मोडाच्या मटकीची उसळ, हाताने मोडलेली पालेभाजी. मटकी द्वितीयेच्या रात्री भिजवली तर पंचमीला चांगले मोड येतात. नारळ, आलं, मिरची यांचं वाटण आदल्या दिवशी करून ठेवावं. खपलीची खीर करणाऱ्यांनी कांडून साल काढलेला खपली गहू रात्रभर भिजवावा. साधा गहू घातला तर खीर गुळगुळीत होते पण दाणा लागत नाही. खपलीचा दाणा शिजून फुलतो तरी अख्खा राहतो. गूळ गहू पूर्ण शिजल्यावरच घाला. आधी घातला तर दाणा दडदडीत राहतो आणि मग कितीही शिजवला तरी मऊ होत नाही.

या सगळ्यासाठी बहीण माहेरी आलेली असावी, ही जुनी रीत. तिला आणायला जाणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात. आषाढ संपता संपता मुराळी निघायचा, लेकीच्या सासरी एक मुक्काम करायचा आणि तिला घेऊन यायचा. लग्नानंतरची पहिली पंचमी तर माहेरीच. आज बहिणी नोकरीला आहेत, पंचमीला सुट्टी मिळेलच असं नाही. तरी एक गोष्ट सोपी झाली आहे: 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे एका दिवसासाठी येणंही परवडतं. मुराळी पाठवता येत नसेल तर भावाने निदान चतुर्थीला स्वतः फोन करावा. ती उपाशी आहे, ती आपल्यासाठी, एवढं त्याला माहीत असावं. कित्येक भावांना ते आयुष्यभर माहीत नसतं. हे आम्हाला खरंच खटकतं.

चतुर्थीच्या रात्री हातावर मेंदी, कासाराकडून भरलेल्या काचेच्या बांगड्या आणि मग झिम्मा, फुगडी, फेर. झाडाला झोका. झोक्याचं मात्र नीट पाहा. चिंच, कडुलिंब, वड, आंबा यांची जिवंत आडवी फांदी, बुंध्याजवळ किमान सहा इंच जाड. शेवग्याला आणि पांगाऱ्याला कधीही बांधू नका, लाकूड ठिसूळ. फांदीवर ढोलीचं भोक किंवा वाळवीची माती दिसली तर ती सोडा. 15 फूट उंचीला 40 फूट दोर लागतो, अंगठ्याएवढा जाड. दोर फांदीवर जिथे घासतो तिथे पोत्याच्या दोन-तीन घड्या बांधा. दोर तुटतो तो नेहमी तिथेच, आणि वर पानांत असल्याने कुणाला दिसत नाही. नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण गाठ सरकते. गाठीच्या पुढे वीतभर टोक सोडून ते दोराला परत बांधा. लेकी बसण्याआधी दोन दणकट माणसांनी लोंबकळून पाहायचं.

शिराळ्याचं नाव घेतल्याशिवाय आपल्या भागातली पंचमी पुरी होत नाही. मोरणा नदीकाठचं बत्तीस शिराळा, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. गोरक्षनाथ इथे आले, एका घरी बाई मातीचा नाग पुजत होती, त्यांनी तिला जिवंत नाग पुजायला दिला, अशी गावाची श्रद्धा. तेव्हापासून रानातून नाग पकडून, मडक्यात सांभाळून, पंचमीला पूजा आणि अंबामातेसमोर मिरवणूक, अशी परंपरा चालली. पुढे नागांची स्पर्धा, गर्दी, प्रदर्शन वाढलं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली साप पकडणं, बाळगणं, खेळवणं गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती प्रथा थांबली आणि गावात प्रतिमेची पूजा आणि पालखी सुरू राहिली. 2025 साली केंद्राने प्रबोधनासाठी 21 नाग पकडायला परवानगी दिली, पण खेळ आणि प्रदर्शनाला नाही. गावकऱ्यांच्या भावना खोट्या नाहीत, ते नागाला जपूनच परत सोडत होते असं ते सांगतात. तरीही आमचं मत स्पष्ट आहे. गावाच्याच कथेत ती बाई आधी मातीचा नाग पुजत होती. गोरक्षनाथ आले ते तिच्या त्या पूजेवर. घराघरातली पंचमी तशीच मातीच्या नागाची आहे आणि तिच्यात काही कमी नाही.

हा भाऊ विषारी आहे, हेही विसरायचं नाही. श्रावणात गवत माजतं, पिल्लं हिंडतात, दंश होतात. दंश झाला तर घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. माणसाला आडवं करा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा आणि 108 ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. आपल्याकडे दिलं जाणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर चालतं, म्हणून साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. नागाच्या विषाने पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. मंदिरात नेऊन वाट पाहण्यात जाणारा अर्धा तास इथे महागात पडतो.

षष्ठीला मातीचा नागोबा तुळशीपाशी बादलीत विरघळवा, दाण्याचे डोळे आणि खराट्याची काडी आधी काढून घ्या, ती माती कुंडीत घाला. त्याच दिवशी नांगर पुन्हा धरता येतो. झोका मात्र लगेच उतरवू नये. लेकी अजून दोन दिवस राहणार असतात.